फेअरवेलची यादी

लोक निघून जातात तेव्हा मी स्पीकर लावतो. हा माझा धंदा आहे. बँकेतले साहेब रिटायर होतात, दहावीची मुलं शाळा सोडतात, एखादी सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते आणि रहिवासी शेवटचं एकत्र जेवतात, कुणाचा जावई जर्मनीला निघतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मी स्पीकर घेऊन चढलो नाही असा हॉल शोधावा लागेल. पूर्वी अशा कार्यक्रमांत हार, नारळ, शाल आणि लांबलचक भाषणं असायची. लोक वेफर्स खाऊन घरी जायचे. मागच्या पंधरा-एक वर्षांत इंग्रजी गाणी आली. आता घरात एक वाक्य इंग्रजी न बोलणारे लोकही निरोपाला इंग्रजी गाणंच मागतात. मी त्यांना हसत नाही. मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

कळायचं ते माझ्या पार्टनरला. भांडुपच्या टेकडीवरच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. त्याचे वडील सिंधुदुर्गातून आलेले गिरणी कामगार, माझे बुलढाण्याकडून आलेले, पालिकेत बिगारी. गिरणी चालू होती तोवर तो इंग्रजी शाळेत जायचा. गिरणी बंद पडली, फी थांबली आणि सातवीत तो माझ्या पालिकेच्या शाळेत, माझ्याच बाकावर येऊन बसला. इंग्रजी तेवढं त्याच्याकडे राहून गेलं. पुढे वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला मी स्पीकर उचलायला जाऊ लागलो, तोही माझ्यामागे आला. मग आम्ही दोघांनी मिळून स्वतःचा साउंड उभा केला आणि साकीनाक्याला एक गाळा घेतला. शेजारी एका बाजूला लेथ मशीनवाला, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. कान त्याचे, तोंड माझं. गाणी निवडणं, आवाज जुळवणं त्याच्याकडे. गिऱ्हाइकाशी बोलणं, भाव करणं आणि गरज पडली तर भांडणं माझ्याकडे. गरज बऱ्याचदा पडायची. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे मला मान्य आहे. पण मी गप्प बसलो असतो तर आम्ही अजून हातगाडीवरून स्पीकर नेत असतो.

इंग्रजी गाण्यांची मागणी वाढली तेव्हा तो गाळ्यात बसून एकेक गाणं मला समजावून द्यायचा. मला ते लागायचंच. गिऱ्हाईक विचारतं, मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाला कुठलं शोभेल, तेव्हा काहीतरी सांगावं लागतं.

"ही काय म्हणते रे?" मी विचारायचो.

"म्हणते, चावी टेबलावर ठेवलीय, झाडांना पाणी घातलंय, आता मी निघते."

"आणि तो?"

"तो ऐकतो."

"चार मिनिटं नुसता ऐकतो?"

"गाणं तिचं आहे रे. त्याला कोण बोलू देणार?"

"पण ती स्वतःच निघालीय ना, मग रडते कशाला?"

"तू ना, लग्नात सनई लावत जा," तो म्हणायचा.

त्या गाण्याचं नाव मला कधीच नीट घेता आलं नाही. आम्ही त्याला चावीवाली म्हणायचो. तशी आमची सगळ्याच गाण्यांना नावं होती. एक पुलावरचं, एक पत्रवालं, एक म्हातारा. म्हातारा रिटायरमेंटला चालायचा, चावीवाली कॉलेजच्या पोरींना. अशी तीसेक गाणी आलटूनपालटून वाजतात. नवीन येतात, पण गोष्ट तीच. कुणीतरी निघालेलं असतं आणि ते का निघालं हे उरलेल्या माणसाला सांगत असतं.

मला त्या गाण्यांतली तेवढीच गोष्ट पटायची. जाणारा माणूस समोर उभा राहून सांगतो. कंटाळा आला म्हणून, प्रेम संपलं म्हणून, दुसरीकडे काहीतरी बोलावतंय म्हणून. आमच्या लोकांत असं कोण सांगतं? आमच्याकडे माणूस दारात चपला घालताना अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं जिन्यावरून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी गाळ्यात असताना, त्याच्या मुलीचा फोन आला. ती कॅनडात असते. तिच्या बाळंतपणासाठी वहिनी, म्हणजे त्याची बायको, दिवाळीआधी तिकडे गेली होती ती अजून परतली नव्हती. बाळाला वहिनीपाशी ठेवून मुलगी महिनाभराच्या सुट्टीवर त्याच्या मुलुंडच्या फ्लॅटवर आली होती.

"काका, पुढच्या रविवारी मुलुंडला हॉल घेतलाय. सकाळी अकरा ते दोन. साउंड तुमचाच. पण बाबांना अजिबात कळू द्यायचं नाही हं. सरप्राइज आहे."

"कसलं गं सरप्राइज? त्याचा बर्थडे तर श्रावणात असतो."

"बर्थडे नाही हो. फेअरवेल! त्याच्यानंतरच्या गुरुवारी निघतो ना आम्ही."

तिला वाटलं, रेंज गेली.

"हॅलो? काका? बाबा बोललेच असतील तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. "बोललाय."

"दोन वर्षं कागद अडकले होते बघा. आता एकदम सगळं पटापट झालं. फ्लॅटपण गेला. आईने तर तिकडे त्यांची खोली लावून ठेवलीय."

"हॉलला लिफ्ट आहे का?" मी विचारलं.

"अं? आहे."

"माणसांची की सामानाची? माणसांची असेल तर त्यात स्पीकर बसत नाही. अकराचा कार्यक्रम म्हणजे माझी माणसं नऊला येणार, वॉचमनला आजच सांगून ठेव. आणि दोन म्हणजे दोन. दोनच्या वर पाच मिनिटं गेली तर मी बंद करणार."

ती हसायला लागली. "काका, माझ्याशीपण?"

"सगळ्यांशी," मी म्हणालो.

या सगळ्या वेळात तो माझ्यापासून आठ फुटांवर स्टुलावर बसला होता, पण शेजारच्या लेथच्या घरघरीत माझे शब्द त्याला कळत नव्हते. एका वायरीची पिन तुटली होती, ती डाग देऊन बसवत होता. चष्मा कपाळावर होता.

"कोण रे?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मुलुंडची पार्टी. फेअरवेल आहे."

"कुणाचा?"

"विचारलं नाही."

हे त्याला खरं वाटलं, कारण आम्ही कधीच विचारत नाही. कोण जातंय याच्याशी आम्हाला काय करायचंय? हॉल, वेळ, प्लग, गाण्यांची यादी, बस.

"कुठला सेट नेतोस?"

"छोटा."

"मोठा ने. तिकडच्या हॉलना छत उंच असतं, आवाज वर जातो." त्याने पिनेवर फुंकर मारली आणि वायर बाजूला ठेवली. "बास जरा बघून लाव, आवाज घुमायला नको."

मी मोठा सेट वहीत लिहिला.

दोन वर्षं. मी ती नंतर मोजून बघितली. त्या दोन वर्षांत आम्ही नवा मिक्सर घेतला. त्याची अँजिओग्राफी झाली तेव्हा फॉर्मवर सही मी केली. रोज दोन वेळा चहा झाला. म्हणजे सांगायला वेळ मिळाला नाही, असं कुठल्याही हिशोबाने म्हणता येणार नाही. वाईट वाटलं का? त्या दिवशी तसं काही वाटलं नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला की दुसऱ्याचा गाल असल्यासारखा लागतो, तसा दिवस गेला.

मी ठरवलं, आपण विचारायचं नाही. जायचं त्याला आहे, बोलायचं त्याने. माझा आयुष्यभराचा अनुभव असा की, भाव करायला बसल्यावर जो आधी आकडा बोलतो तो गेला. समोरचा कितीही हसो, चहा मागवो, घड्याळ बघो, आपण तोंड उघडायचं नाही. मी त्याच्यासमोर तसा बसलो. रविवारच्या आत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढंच मला हवं होतं.

वाट मात्र करून देत होतो. "गुरुवारी अंधेरीला केजीच्या मुलांचा कार्यक्रम आहे, घेऊ का?" मी एकदा विचारलं. मुद्दाम त्याचाच गुरुवार.

"घे की."

"सकाळी अकराचा आहे. तू येशील?"

"माणसं आहेत ना. होईल."

दुसऱ्या दिवशी मी जयंतीचा विषय काढला. मिरवणुकीत पुढची गाडी माझी आणि मागची त्याची, हे आमच्यात कधी बदललं नव्हतं. त्याच्या हातात ती गाडी असली की अख्ख्या मिरवणुकीत एकदाही माइकची शिट्टी वाजायची नाही. मी विचारलं, "एप्रिलला मागची गाडी तुझ्याकडेच ना?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल.

"बघू," तो म्हणाला आणि उठून वायरी मोजायला गेला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"मग विचारा ना सरळ. तोंड आहे की तुम्हाला."

"मी का विचारू? जातोय तो."

"तो जातोय म्हणूनच विचारायचं. हा काय भाजीबाजार आहे, दोघं गप्प बसून कोण आधी बोलतो ते बघायला?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"मला नाही कळत. तुम्हाला सगळं कळतं. बसा."

त्या आठवड्यात मी बरंच भांडलो. घाटकोपरच्या एका हॉलच्या मॅनेजरशी प्लगवरून, लेथवाल्याशी पॅसेजमध्ये ठेवलेल्या पत्र्यांवरून, टेम्पोवाल्याशी कशावरून ते आठवतही नाही. एरवी भांडलो की मला बरं वाटतं, अंगात गरम चहा गेल्यासारखं. या वेळी तोंड चालू होतं आणि आत काही हलत नव्हतं. मॅनेजर शेवटी म्हणाला, "अरे बाबा, घे ना प्लग, मी कधी नाही म्हटलं?" तेव्हा मला कळलं की तो केव्हाच कबूल झाला होता आणि मी एकटाच ओरडत होतो.

शनिवारी मुलीने फोनवर यादी पाठवली. अकरा गाणी, सगळी इंग्रजी, सगळी निरोपाची. चावीवाली सगळ्यात शेवटी. यादी चुकीची होती. निरोपाचं मोठं गाणं शेवटी लावायचं नाही, हा त्याचाच नियम. त्याच्यामागे दोन हलकी गाणी ठेवायची, म्हणजे लोक नाकं पुसतात, खुर्च्या सरकवतात, जेवण कुठे आहे ते विचारतात. नाहीतर हॉलभर माणसं डोळे पुसत उभी राहतात आणि जेवायला कोणी जात नाही. मी गाळ्यात एकटा बसून यादी त्याच्या पद्धतीने लावली. म्हाताऱ्याला दुसऱ्या नंबरवर आणलं, पत्रवालं मधे टाकलं, चावीवाली नववी केली. प्रत्येक गाणं थोडं थोडं वाजवून आवाज सारखा करून घेतला. एवढं काम मी त्याच्याशिवाय पहिल्यांदाच केलं. दोन तास लागले. तो अर्ध्या तासात करतो.

रविवारी साडेअकराला मुलगी त्याला घेऊन आली. कुणाचा तरी साखरपुडा आहे असं सांगून आणला होता. इस्त्रीचा नवा शर्ट घालून तो दारात उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वर फुगे होते आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. त्याच्या सोसायटीचे लोक, भांडुपचे काही जुने शेजारी, बायकोकडची माणसं. तो सगळ्यांकडे बघून हसला. मग सवयीने त्याची नजर स्पीकर बघत बघत मिक्सरवर आली आणि मिक्सरमागे मी होतो.

त्याचं हसू गेलं नाही. नुसतं तिथल्या तिथे थांबलं. मी पहिलं गाणं लावलं.

भाषणं झाली. सोसायटीचे सेक्रेटरी बोलले, मुलगी बोलली. ती बोलताना रडली तेव्हा मी माइकचा आवाज थोडा कमी केला. रडणं माइकमध्ये फार मोठं येतं. मिक्सरमागे बसलेल्या माणसाला एक सोय असते. समोर हिरवे दिवे वर-खाली होत असतात, ते पिवळ्यापर्यंत जाऊ द्यायचे, लाल होऊ द्यायचे नाहीत. त्याच्याकडे बघत राहिलं की कार्यक्रम संपतो. मी दिवे बघत होतो.

आठवं गाणं चालू असताना तो माझ्याकडे आला. हात पुढे करून त्याने एक बटण थोडं मागे फिरवलं.

"बास जास्त आहे," तो म्हणाला.

"छत उंच आहे म्हणालास."

"एवढं नाही." तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, दोघांचीही तोंडं हॉलकडे. "तुला कधी कळलं?"

"तिचा फोन आला तेव्हा. तू पिन बसवत होतास."

"म्हणजे दहा दिवस झाले."

"माझे दहा दिवस. तुझी दोन वर्षं."

कुणीतरी लांबून फोटोसाठी हाक मारली, त्याने हाताने थांबा म्हणून सांगितलं.

"माका जमला नाय रे," तो म्हणाला. घरचं बोलणं तो माझ्यासमोर क्वचित बोलायचा. "शंभरदा तोंडाशी आलं. पण तुला सांगितलं असतं तर तू भाव केला असतास."

"केला असता."

"सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे म्हणाला असतास."

त्या दहा दिवसांत मी मनात नेमका तोच आकडा धरून बसलो होतो.

"मग आठ-चारवर आला असतास. आणि मी हो म्हणालो असतो. तुझ्यासमोर आजपर्यंत मी कधी नाही म्हणालोय? एकदा तरी आठव." त्याचा आवाज चढला नव्हता, माझा चढतो तसा. "ती तिकडे रोज विचारते, कधी येताय. नातवाला मांडीवर घेऊन विचारते. मला एकदा तरी कुणीतरी भाव न करता सोडायला हवं होतं."

माझ्याकडे उत्तर होतं. सोडायचं की नाही हे मला ठरवू द्यायचं होतंस, असं काहीतरी. तापलेला असतो तर ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं असतं. पण ताप आलाच नाही. आठवं गाणं संपत आलं होतं आणि मला नववं लावायचं होतं. मी ते लावलं. चावीवाली सुरू झाली, समोरच्या बायकांनी पदर आणि रुमाल काढले. तो आणि मी मिक्सरमागे उभे राहून पूर्ण गाणं ऐकलं.

"यादी तू लावलीस?" तो म्हणाला.

"हो."

"बरी लावलीस." मग थोड्या वेळाने, "गुरुवारी एअरपोर्टला येशील ना?"

"अंधेरीला केजीचं काम आहे."

"तेच? मी घे म्हणालो ते?"

"तेच."

तो हसला, आणि मग त्याला फोटोला नेलं. कार्यक्रम दोन वाजून वीस मिनिटांनी संपला. मी काही बंद केलं नाही.

त्याचं म्हणणं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. मी भाव केला असता, तो थांबला असता, वहिनी तिकडे एकटी बसली असती आणि मी जिंकलो म्हणून घरी येऊन नीट जेवलो असतो. पण माणूस बरोबर असला म्हणजे त्याच्यावरचा राग जातो असं नाही. मला न विचारता त्याने माझा स्वभाव गृहीत धरला आणि माझ्या वाटचं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. हे लिहितानाही मला ते मान्य नाही.

गुरुवारी अंधेरीला गेलो. पाच-सहा वर्षांची मुलं काळे गाऊन आणि चौकोनी टोप्या घालून स्टेजवर उभी. बाईंनी निरोपाचं गाणं लावायला सांगितलं, मी लावलं, मुलं त्यावर उड्या मारत नाचली आणि खाली त्यांच्या आया रडल्या. साडेबाराला सामान टेम्पोत चढलं. तिथून विमानतळ पंधरा मिनिटांवर. त्याचं विमान चारला होतं, हे मुलीने मेसेज करून कळवलं होतं. टेम्पोवाल्याने विचारलं, "कहाँ लूँ?" मी म्हणालो, गाळ्यावर.

मरोळच्या सिग्नलला फोन वाजला. त्याचा होता.

"बोल," मी म्हणालो.

"ऐक," तो म्हणाला. मागे ट्रॉल्यांचा आवाज येत होता. "मी कॅनडाला चाललोय. कायमचा. दोन वर्षांपूर्वी ठरलं. हिला मुलीजवळ राहायचं आहे आणि मला हिच्याजवळ. फ्लॅट विकला. परत येणं होईल की नाही माहीत नाही. तुला हे सांगायचं राहिलं होतं."

तो एका दमात बोलला, पाठ केल्यासारखं. तो अजून गेटच्या बाहेर होता, मला मागता आलं असतं. आठ-चार नाही तर दहा-दोन. तो फोन धरून थांबला होता. मी काय मागतो याचीच वाट बघत असावा.

"बरं," मी म्हणालो.

"बरं?"

"हो. बरं." सिग्नल सुटला, टेम्पो हलला. "तिकडे आता किती वाजले असतील?"

"रात्र असेल," तो म्हणाला. "नक्की माहीत नाही रे."